मालवी दाई कुठे होती

कोकिळाकाकूच्या सांगण्यात बगळा निळा होता. मालिकेत तो पांढरा आहे. हे मी तिला तीनदा सांगून पाहिलं.

"पांढराच बगळा पाह्यचा असन तं तळ्यावर जाऊन पाह्य," ती म्हणाली. "त्याच्यासाठी टीव्ही काऊन लावा लागते?"

मालिकेचं नाव 'धुक्याचं सिंहासन'. मूळ हिंदी, पण आमच्याकडे मराठी आवाज भरलेली लागते, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी आठला. तिच्यात तेजवर्ण नावाचा राजपुत्र आहे. त्याला तान्हा असताना राजवाड्यातून पळवून धुक्याच्या डोंगरात वाढवलं आहे, आणि तो हत्तीएवढ्या बगळ्यावर बसून उडतो. त्याची काकू विभावरी सिंहासनावर बसली आहे आणि तिला तो मेलेला हवा आहे. बाकी तलवारी, शाप, एक खोल विहीर आणि सेनापती कालकेतू, ज्याच्या मिशा प्रत्येक भागात थोड्या वाढतात. मिशांचं मी उगाच म्हणत नाही. मोजल्या आहेत.

आमचं शेत बीबी गावापासून सहा किलोमीटरवर. त्यातल्या अर्ध्या एकरावर हिरव्या जाळीचं शेडनेट आहे आणि आत बियाण्याचे टोमॅटो. खायचे नव्हेत, या टोमॅटोचं फक्त बी काढून कंपनीला द्यायचं. त्यासाठी मादी झाडाच्या प्रत्येक फुलाला नर झाडाचा पराग हातानं लावावा लागतो. दुपारी कळी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, बोटातल्या अंगठीसारख्या छोट्या वाटीत पराग घेऊन फुलाचं टोक त्यात बुडवायचं. मग फुलाखालच्या हिरव्या पाच पात्यांपैकी दोन कात्रीनं कापायच्या. पाती कापलेलं फळ आपलं, न कापलेलं तोडून फेकायचं. एका फुलाला दोन दिवस मिळतात, फार तर अडीच. त्यानंतर ते कुणासाठी थांबत नाही.

मी बीएस्सी झाले, वनस्पतिशास्त्र घेऊन. बाबा म्हणाले, "पुस्तकात वाचलं ना क्रॉसिंग? मंग हा सीझन तूच पाह्य. नाही जमलं तं पुढच्या साली नेट गजेंद्रले बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू." गजेंद्रदादा आमचा शेजारी. त्याचं नेट आमच्या नेटला लागूनच आहे, मध्ये एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, आणि दोन जाळ्या. म्हणजे बाबा म्हणत होते ते फार लांबचं नव्हतं.

कामाला दहा बायका. त्यांना आणणारी, नेणारी, कोण कुठल्या ओळीत बसणार ते ठरवणारी अकरावी कोकिळाकाकू. वय पन्नासच्या आसपास, हात इतका हलका की फुलाला कळतही नसावं. सकाळी पावणेआठला सगळ्या ओळींत बसल्या की ती आदल्या दिवशीचा भाग सांगायला लागे. दहातल्या नऊ जणींनी तो घरी पाहिलेला असे. तरी सगळ्या तिचाच ऐकत.

न पाहिलेली एकटी बनाआजी. तिच्या घरी टीव्ही आहे, पण तिला लांबचं धुरकट दिसतं. बोटाजवळचं फूल मात्र इतकं स्वच्छ दिसतं की माझ्या भिंगाला लाज वाटावी. शास्त्रात याला ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. बनाआजीच्या मते टीव्हीतच दोष आहे.

"नावच धुक्याचं हाये," ती म्हणे. "दिसन कसं?"

चष्म्याचं नाव काढलं की ती कात्री दाखवत असे.

सांगता सांगता वाद पेटत. आमच्या नेटमध्ये जेवढी चर्चा त्या राज्याच्या वारसाहक्कावर झाली, तेवढी त्या राज्याच्या दरबारातही झाली नसेल. राखी सगळ्यात लहान, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिचं म्हणणं, तेजवर्ण राजाचा मुलगा नाहीच.

"नाक पाहा ना त्याचं. राजाचं नाक चपटं, राणीचं चपटं, अन् याचं?"

"नाक सोड," कोकिळाकाकू म्हणाली. "आपल्या ह्या टमाट्याचा नर कोन्ता, सांगते का कंपनी? नुसता नंबर देते डब्यावर. राजाच्या घरचंबी तसंच असते बाई. नर कोन्ता थे कोनाले सांगत नाहीत."

सगळ्या खदाखदा हसल्या. मी म्हणाले की नाकाचा आकार एका जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकं मिळून तो ठरवतात, त्यामुळे चपट्या नाकांच्या आईबापांना सरळ नाकाचं मूल होऊ शकतं.

"झालं," राखी म्हणाली. "आल्या राजवैद्य."

"म्हंजे राणी सुटली का?" बनाआजीनं विचारलं.

"पुराव्याअभावी," मी म्हणाले.

"बरं झालं. बिचारीवर उगाच आळ." बनाआजीनं फूल बुडवलं, दोन पाती कापल्या. "पन त्या बगळ्याले मासे कोन पुरवते, कोकिळे? हत्तीयेवढा म्हन्ते तू. रोज पोतंभर तं लागत असन."

"मालवी पाह्यते ना सगळं," कोकिळाकाकू म्हणाली.

मालवी म्हणजे तेजवर्णची दाई. तान्ह्या राजपुत्राला कडेवर घेऊन राजवाड्यातून पळाली ती हीच. बनाआजीला त्या सगळ्या मालिकेत एवढी एकच बाई पसंत होती. "बाकीचे नुसते तलवारी घेऊन हिंडतात," ती म्हणे. "भाकर कोन टाकते? मालवी. मंग राज्य कोनाच्या भरोशावर चालू हाये?"

आता माझी चूक सांगते.

काकूला नीट दुरुस्त करायचं तर आपल्याकडे पूर्ण माहिती हवी, असं मला वाटलं. मी मालिका मधूनच पाहायला लागले होते. म्हणून पहिल्या भागापासून मोबाइलवर पाहायला घेतली, दीडपट वेगानं, रोज जेवताना आणि जेवणानंतर. प्रॅक्टिकलची एक वही उरली होती, तिच्यात भागवार टिपणं काढली. मागच्या पानांवर 'कोकिळाकाकू : चुका' अशी यादी तर मी आल्यापासूनच चालू होती. हे लिहिताना मला काही वाईट वाटलं नव्हतं. बगळ्याचा रंग. कालकेतूच्या बायका (मालिकेत एक, काकूच्या सांगण्यात तीन). विहिरीची खोली. मालिकेत विहीर नेमकी किती खोल ते सांगतच नाहीत, काकू 'आपल्या गावच्या तीन विहिरी एकीवर एक' म्हणायची.

अकराव्या भागात मालवी मेली.

दुथडी भरलेली नदी, मागे विभावरीचे घोडेस्वार. मालवीनं बाळ काठावरच्या साधूच्या हातात दिलं आणि पाण्यानं तिला ओढलं. एक हात वर आला, मग शाल वाहत गेली, मग बासरी वाजली. मी भाग थांबवून मागे नेला. अकरावा भाग म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा. मग आमच्या नेटमध्ये जी मालवी रोज भाकरी टाकत होती ती कोण?

दुसऱ्या दिवशी काकू सांगत होती. आदल्या भागात तेजवर्णच्या खांद्याला बाण लागला होता. "अन् मंग मालवीनं हळद तापवली," काकू म्हणाली, "पोट्टं कन्हून राह्यलं, तिनं खांदा असा धरला..."

"पण काकू, मालवी तर अकराव्या भागातच मेली," मी म्हणाले. "नदीत."

कात्र्या थांबल्या. दहा कात्र्या एकदम थांबल्या की नेट किती शांत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. राखी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. खूण माझ्या लक्षात आली, पण उशिरा. तिला माहीत होतं. नऊच्या नऊ जणींना माहीत होतं.

बनाआजीनं हातातलं फूल पूर्ण केलं. दोन पाती कापल्या. मग विचारलं, "कव्हाची मेली म्हन्ते?"

"दोन वर्षं झाली, आजी."

"दोन वर्सं." तिनं कोकिळाकाकूकडे पाहिलं. "मले आंघोळीचंबी सांगितलं नाही कोनी." आणि थोड्या वेळानं, फार हळू, "दोन वर्सं मेल्या बाईच्या हातानं जेवू घातलं तू त्या पोट्ट्याले?"

हे ती चेष्टेत म्हणाली की खरंच, मला अजून नक्की सांगता येत नाही. काकूलाही कळलं नसावं. तिनं मान खाली घातली आणि भाग तिथंच सोडून पुढच्या फुलाला लागली.

दुसऱ्या दिवशी काकूची ओळ रिकामी होती.

"गजेंद्रदादाच्या नेटमंदी गेल्या," राखी म्हणाली. "त्याले येक बाई कमीच होती. हप्ताभराचा शब्द दिला त्यायनं."

"माझ्यामुळे?"

"नाही, माह्यामुळे," राखी म्हणाली. "मीच वही घेऊन फिरून राह्यली ना."

मग तिनंच सगळं सांगितलं. अकरावा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू सांगायला बसली, आणि नदीपर्यंत आली तेवढ्यात बनाआजीनं काम थांबवून विचारलं होतं, 'मंग आता पोट्ट्याले जेवू कोन घालन?' काकूनं हातातलं फूल बुडवलं. मग म्हणाली, 'निंगाली की काठाले. मालवी पोहनारी होती.' तेव्हापासून मालवी जिवंत. नऊ जणींपैकी कुणीही कधी हूं की चूं केलं नाही. त्यांच्यात असं काही ठरलंही नव्हतं.

"अन् तुम्ही आल्या बीएस्सी होऊन," राखी म्हणाली.

संध्याकाळी बाबांना कळलं. त्यांनी सोयाबीनच्या थ्रेशरची चिंता बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. "कोकिळा गेली म्हंजे बाकीच्या चार दिवसांत जातात. तिच्यामांगं आलेल्या हायेत त्या, तुह्यामांगं नाही. फुलं आता भर मारून राह्यली, अनुपमा. हा हप्ता गेला तं सीझन गेला."

मी काकूच्या घरी गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. बस म्हणाली, पाणी दिलं. मी माफी मागितली.

"कायची माफी?" ती म्हणाली. "तू खोटं बोलली का?"

"नाही."

"मंग? खऱ्याची माफी मागत असते का कोनी? खोटी तं मी पडली. दहा बायकायच्या मंदी. आता उद्या मी म्हनलं का सूर्य उगोला, तं बनामावशी वर पाहून घेईन पहिले."

"आजी रागावलेली नाही, काकू."

"माहीत हाये मले. राग आला असता तं बरं होतं." तिनं सुपातली शेंग उचलली, सोलली. "जाय. अंधार पडून राह्यला. गजेंद्रकडं गानेबी लावतात. कान बंद करून काम करता येते."

बरोबर होतं तिचं. मी चूक दुरुस्त केली होती, आणि दुरुस्तीची दुरुस्ती कशी करतात ते आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

पुढच्या सकाळी बनाआजी म्हणाली, "आता तूच सांग. खरी सांग."

मी वही उघडली. "भाग पाचशे सत्त्याऐंशी. सुरुवातीला मागील भागाचा सारांश. त्यानंतर राजवाडा, दिवस. विभावरी आणि कालकेतू यांचं संभाषण. कालकेतूच्या मते सैन्य उत्तरेला पाठवावं, विभावरीच्या मते..."

"ताई," राखी म्हणाली, "जाहिरातीबी लिहिल्या असन तं त्याबी सांगा. साबनाची चांगली हाये."

मी चिडले नाही. पण अचूक सांगण्यात एक अडचण आहे हे माझ्या लक्षात यायला लागलं. बनाआजी मध्येच विचारायची.

"चार दिवस विहिरीत होता म्हन्ते. खाल्लं काय?"

"दाखवलं नाही, आजी."

"अन् तिथून निंगाला कसा?"

"ते... पुढच्या दृश्यात तो बाहेरच होता."

"दोर कोनाचा?"

"दाखवलं नाही."

राखीनं तेवढ्या सकाळी माझी 'दाखवलं नाही' मोजली. सतरा. एरवी आम्ही सकाळभरात साडेपाच हजारांवर फुलं करत होतो. त्या दिवशी चार हजारही झाली नाहीत. एक बाई कमी होती हे खरं, पण एका बाईची फुलं पाचशे होतात. उरलेली हजार कुठे गेली? बायका पेंगत होत्या. दोघी जणी पाणी प्यायला गेल्या आणि अर्धा तास धुऱ्यावरच बसल्या. एक जण मला हळूच म्हणाली की गजेंद्रकडे अजून दोन ओळी मोकळ्या आहेत असं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, ते मला कळलं.

घरी आल्यावर मी वही घेऊन बसले. राग स्वतःचाच होता, म्हणून मागची पानं उघडली. काकूच्या चुकांची यादी, एकूण चौसष्ट. त्यातल्या तेवीस फक्त मालवीच्या. मालवीनं हळद तापवली. मालवीनं विहिरीत भाकरी सोडली, पदराला बांधून. मालवी बगळ्यासाठी कोळ्यांकडे गेली. प्रत्येकीपुढे मी तारीख लिहिली होती. तारीख होती म्हणजे भाग काढता येत होता. मी एकेक भाग काढून पाहायला लागले, काकू नेमकी कुठे चुकली ते ठरवायला.

पहिली नोंद. काकूच्या सांगण्यात मालवी गुहेत आली, तेजवर्ण झोपला असताना. मालिकेत तो झोपतो, पडदा काळा होतो, मग सकाळ. मध्ये काही दाखवलेलं नाही.

दुसरी. तो वाळवंटात चालतो आहे, मग एकदम त्याच्या हातात पाण्याचा बुधला. बुधला कुठून आला, दाखवलेलं नाही.

तिसरी, चौथी. अशा तेवीस.

मी दोनदा तपासलं, कारण मला ते पटेना. तेवीस वेळा मालवी आली होती आणि एकदाही कॅमेऱ्यासमोर आली नव्हती. पडद्यावर दिसलेल्या कुठल्याही गोष्टीला तिचा कुठेही धक्का लागत नव्हता. एखादा सिद्धांत खोटा ठरवायला त्याच्या विरोधात जाणारं एक निरीक्षण पुरतं. माझ्याकडे तेवीस भागांची निरीक्षणं होती, आणि त्यात एकही विरोधात नव्हतं.

बगळ्याचा रंग काकू खुशाल बदलायची. कालकेतूला आणखी दोन बायका द्यायची. पण मालवीच्या बाबतीत ती काटेकोर होती. म्हणजे रोज आठ वाजता आम्ही सगळे काय दाखवतात ते पाहत होतो, आणि ही बाई काय दाखवत नाहीत ते पाहत होती. माझ्याहून जास्त लक्ष देऊन.

मी त्या तेवीस नोंदींवर रेघा मारल्या. मग बाकीच्या एक्केचाळीसकडे पाहिलं. त्या चुका होत्याच. त्या तशाच राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बसायची जागा बदलली. गजेंद्रदादाच्या नेटला लागून असलेल्या शेवटच्या ओळीत, बनाआजीच्या बाजूला. जाळीपलीकडे धुऱ्याइतकं अंतर, मग त्यांची जाळी, आणि तिच्यामागे साड्यांचे रंग हलताना दिसत. तिकडे मोठ्या आवाजात गाणी चालू होती. गजेंद्रदादाचा विश्वास आहे की ठेक्यावर हात भराभर चालतो. मी एकदा मोजून पाहिलं होतं, बायका ठेक्यावर मान हलवतात, हात हलवत नाहीत.

"आज इथं काऊन?" बनाआजीनं विचारलं.

"इथं सावली बरी आहे."

"शेडनेटात सगळीकडं सावलीच असते," ती म्हणाली, आणि गालात हसली.

मी सुरू केलं, गाण्याच्या वर जाईल इतक्या आवाजात. "काल मोठा भाग होता. परवाच्या भागाच्या शेवटी तेजवर्ण बर्फाच्या रानात बेशुद्ध पडला होता, आठवतं? अंगावर फाटके कपडे, रक्त. बगळाही जवळ नाही. आणि काल सुरुवातीलाच तो शत्रूच्या नगरात, एका झोपडीत गाढ झोपलेला. धुतलेले कपडे. केस विंचरलेले."

"केसबी?" राखी म्हणाली.

"भांग पाडलेला."

"मंग कोनी नेलं त्याले?" बनाआजी म्हणाली. "वेशीवर पहारा असन ना?"

"आहे. चारशे सैनिक."

"अन् कपडे कोनी बदलले?"

"दाखवलं नाही," मी म्हणाले. पलीकडच्या जाळीत एक हिरवी साडी हलायची थांबली होती. मी घसा साफ केला. "मला वाटतं, सेनापती कालकेतूनं बदलले असतील. तो मनातून त्याच्या बाजूचा आहे."

खरं सांगते, ही अगदीच पोरकट कल्पना नव्हती. पाचशे छप्पन्नाव्या भागात त्याला थोडा आधार आहे.

"कालकेतू!" जाळीमागून आवाज आला. "ज्याले सोताचे जोडे काढाले दोन मानसं लागतात, थो दुसऱ्याचा भांग पाडन!"

आमच्याकडे हशा पिकला. तिकडेही पिकला. कुणीतरी गाणं बंद केलं.

"मग कोण, काकू?" मी जाळीला तोंड लावून विचारलं.

 कात्रीचे दोन आवाज आले, एक फूल झालं.

"मेली ना थे," काकू शेवटी म्हणाली. "तूच म्हनली. दहा बायकायसमोर."

म्हणजे मलाही दहा बायकांसमोरच बोलावं लागणार होतं, आणि पलीकडच्या आठ वेगळ्या. "मी म्हणाले," मी म्हणाले. "पण मी पाहिलं होतं ते एवढंच : नदी, एक हात, आणि शाल. प्रेत दाखवलंच नाही. मेली हा मी काढलेला निष्कर्ष होता, आणि तो कच्चा होता. काल मी ते सगळे भाग परत काढून पाहिले. तुमची मालवी तेवीस वेळा आली, आणि दाखवलेल्या एकाही गोष्टीशी तिचा मेळ चुकला नाही. एकदाही नाही. मी चूक शोधायला बसले होते, काकू. सापडली नाही."

हिरवी साडी जाळीच्या आणखी जवळ सरकली.

"तेवीस नाही," काकू म्हणाली. "सव्वीस. तीन डाव तू कॉलेजात होती."

राखीनं तोंडावर पदर धरला. मी बनाआजीकडे पाहिलं, कारण आता बोलायचं तिनं होतं. तिनं परागाची अंगठी बोटात नीट बसवली.

"जित्ती का मेली थे मांगून पाहू," ती जाळीकडे तोंड करून म्हणाली. "कपडे कोनी बदलले थे सांग पहिले, कोकिळे. मी परवापासून तटली हाये. ह्या पोरीले काईच माहीत नाही."

आणि काकूनं सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग नेहमीसारखं. चारशे सैनिकांच्या वेशीतून मालवी धुण्याचं गाठोडं घेऊन आत गेली होती, कारण धुणंवालीकडे कुठलाही पहारेकरी वर मान करून पाहत नाही. गाठोड्यात राजपुत्र होता. एवढा मोठा? विचारलंच कुणीतरी. "उपाशी होता बाई," काकू म्हणाली, "वजन कायचं?" इकडच्या दहा अन् तिकडच्या आठ जणींचे हात चालत होते. मधल्या धुऱ्यावर गजेंद्रदादा स्पीकर हातात घेऊन उभा होता.

"अनुपमा, हे काय चालू हाये?" त्यानं मला विचारलं. "माह्या नेटमंदी तुह्यावाली मालिका काऊन?"

"आवाज तुमच्याच नेटमधून येतो आहे, दादा."

त्यानं स्पीकर खाली ठेवला. मग उकिडवा बसला. "पन नगरात नेलं कायले त्याले?" तो जाळीला म्हणाला. "रानातच लपवाचं ना."

"तुम्ही गाने लावा," काकू म्हणाली. सगळ्या हसल्या.

त्या दिवशी आमची साडेचार हजारांवर झाली, काकूशिवाय. मी बाबांना आकडा सांगितला, कारण सांगितलं नाही. पाण्याच्या टाकीजवळ धुऱ्यावर काकू हात धूत होती तिथे मी गेले.

"गजेंद्रले इतवारपर्यंतचा शब्द हाये," ती म्हणाली. "शब्द म्हंजे शब्द. सोमवारी येईन तुह्याकडं. तवरोक जाळीतून आयका."

"चालेल."

"अन् थे वही आहे ना तुही."

मी मान हलवली. मागची पानं तिला दाखवायची माझी तयारी नव्हती.

"मले आजकाल आठ वाजता पेंग येते," काकू म्हणाली. हे खोटं होतं, आणि दोघींनाही माहीत होतं. "सकाळी लवकर येत जाय. काल कुठं कुठं दाखवलं नाही, थेवढं सांगत जाय मले."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी यादी घेऊन धुऱ्यावर काकूकडे गेले. चार जागा होत्या. पहिली जागा मला सगळ्यात चांगली वाटत होती : राजवाड्यात रात्री दिवा विझतो आणि सकाळी विभावरीच्या उशाशी खंजीर सापडतो. कोणी ठेवला, दाखवलेलं नाही. मालवीला इतकी मोठी संधी कधी मिळाली नव्हती.

काकूनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही. तिथं नव्हती थे."

"पण जागा रिकामी आहे, काकू. कुणीच दिसत नाही."

"जागा रिकामी दिसली म्हनून कोनालेबी बसवत असते का?" ती अंगठीत पराग भरत होती, डबीवर एक टिचकी, मग दुसरी. "तिनं पोट्ट्याले दूध पाजलं. खंजीर कायले ठेवन थे?"

"मग त्या रात्री मालवी कुठे होती?"

काकूनं वर पाहिलं. हा प्रश्न तिला आवडला असावा.

"घरी गेली होती," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली राबून राह्यली. तिलेबी घर हाये ना?"